शांतिसेना श्रीलंकेतून परत आली, ती हरून आली का?

प्रश्न असा आलाय: "माझे मामा १९८८ ते १९९० शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. महार रेजिमेंटमधून निवृत्त झाले. सियाचिनबद्दल बोलतात, काश्मीरबद्दल बोलतात, पण श्रीलंकेचं नाव निघालं की उठून अंगणात जातात. आपण तिथे हरलो होतो का? आणि हरलो नव्हतो, तर सैन्य परत का आणलं?"

मी तेव्हा कॅप्टन होतो, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. म्हणजे शिधा, इंधन, गाड्या, दारूगोळ्याची ने-आण. तुमचे मामा ज्या वाटांवरून गस्तीला जायचे त्या वाटांवर मी क्वचितच पाय ठेवला, त्यामुळे त्यांच्या वतीने बोलायचा मला अधिकार नाही. पण शेवटचे काही महिने मी त्रिंकोमालीला होतो, आणि सैन्य मागे येतं तेव्हा काय होतं हे रसदीच्या माणसाला फार जवळून दिसतं. तेवढ्यापुरतं सांगतो.

लढाईत आपण हरलो नाही. जे काम सांगून पाठवलं होतं, ते मात्र झालं नाही. कारण ते काम मधेच बदललं, आणि बदललेलं काम नेमकं कुठे संपतं हे कोणीच ठरवलं नाही.

सुरुवात २९ जुलै १९८७ ची. राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. वेगळं राष्ट्र मागणाऱ्या तमिळ संघटनांनी शस्त्रं खाली ठेवायची, श्रीलंकेच्या सैन्याने बराकीत परतायचं, उत्तर आणि पूर्व प्रांत एकत्र करून तिथे निवडून आलेली प्रांतिक परिषद आणायची, आणि हे नीट पार पडतंय ना हे पाहायला भारताचं सैन्य. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना एका सिंहली नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला, ते छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. बहुसंख्य सिंहली लोकांना हा करार कसा वाटत होता ते त्या एका फटक्यात दिसलं. तमिळांनी मात्र उत्तरेतल्या जाफन्याजवळ, पलालीच्या विमानतळावर उतरलेल्या आपल्या जवानांना हार घातले. १९८३ च्या जुलैमध्ये कोलंबोत तमिळांचं जे हत्याकांड झालं होतं, त्यानंतर त्यांना कोणीतरी वाली हवा होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या संघटनांची शस्त्रं आपण काढून घ्यायला गेलो होतो, त्यांच्यातल्या अनेकांना शिकवलं होतं आपल्याच गुप्तचर खात्याने, आपल्याच भूमीवर. जवानाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्याला सांगितलं होतं की तुम्ही शांतता राखायला जाताय. मोहिमेचं नावच शांतिसेना. त्यामुळे पहिल्या तुकड्या तोफा आणि रणगाडे फारसे बरोबर न घेता गेल्या. नकाशे जुने होते, आणि तमिळ बोलणारे अधिकारी मोजकेच.

हे सगळं सव्वादोन महिने टिकलं. सप्टेंबरात एलटीटीई या सर्वांत बलाढ्य तमिळ संघटनेच्या थिलीपन नावाच्या तरुणाने नल्लूरच्या मंदिरासमोर पाण्याचा थेंबही न घेता उपोषण केलं आणि बाराव्या दिवशी प्राण सोडले. त्याच्या मागण्या भारताकडे होत्या, आणि जाफन्यातल्या बायका रांगा लावून ते पाहत होत्या. मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने एलटीटीईच्या १७ जणांना समुद्रात पकडलं. त्यांना कोलंबोला नेणार हे ठरताच ५ ऑक्टोबरला त्यांनी पलालीच्या तळावर सायनाइड घेतलं. १२ जण गेले. पुढच्या आठवड्यात 'ऑपरेशन पवन' ही एलटीटीईविरुद्धची मोहीम सुरू झाली आणि शांतिसेना युद्धात पडली.

११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने कमांडो आणि शीख लाइट इन्फंट्रीची तुकडी उतरवली. वायरलेसवरचं बोलणं एलटीटीईने आधीच ऐकलं होतं, ते दबा धरून होते. शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान उतरू शकले, त्यातले २९ मारले गेले, एक जिवंत पकडला गेला. जाफना शहर दोन आठवड्यांत ताब्यात आलं, पण ज्यांच्याशी लढत होतो ते शहरात राहिलेच नाहीत, वन्नीच्या जंगलात गेले. त्यानंतरचं युद्ध सुरुंगांचं आणि वाटेवरच्या घातपातांचं. आपल्या हातात एकेक गोळी झाडणारी एसएलआर रायफल, समोरच्याच्या हातात सलग गोळ्या झाडणारी एके-४७. दाट झाडीत, पंधरा-वीस पावलांच्या अंतरावर, यातला फरक जिवावर बेततो.

तुमचे मामा महारचे, म्हणून मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्याबद्दल थोडं सांगतो. ते ८ महारचे. मुंबईत जन्मले, शीवच्या एसआयईएस कॉलेजात शिकले. २५ नोव्हेंबर १९८७ च्या पहाटे शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्या माणसाची रायफल हिसकावून त्याला पाडलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत आपल्या माणसांना हुकूम देत राहिले. शांतिसेनेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. महाराष्ट्राच्या शाळांतून हे नाव किती मुलांना माहीत आहे? मी जिथे जिथे बोलायला गेलो तिथे विचारलं. हात फार थोडे वर आले.

१९८८ पर्यंत तिथे आपल्या चार डिव्हिजन होत्या, ७० ते ८० हजार माणसं. संपूर्ण मोहीम पुण्याच्या सदर्न कमांडच्या अखत्यारीत होती, सुरुवातीचे सेनापती लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग हे सदर्न कमांडचेच प्रमुख. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही तिथे होत्या. म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरच्या कितीतरी घरांत तेव्हा तिकडून पत्रं येत होती. तरी गावात विचारलं की लोक म्हणायचे, "शांतिसेनेत आहे ना, मग काळजी कसली?" माझी आईसुद्धा असंच म्हणायची. मी तिला खोडून काढलं नाही.

आता या युद्धाच्या बदनामीबद्दल. ते सिंहलींना नको होतं, कारण परकं सैन्य त्यांच्या भूमीवर होतं. जनता विमुक्ती पेरमुना या पक्षाने दक्षिणेत त्याच मुद्द्यावर बंड उभं केलं, आणि ते मोडताना श्रीलंका सरकारने हजारो तरुण मारले. पण ते तमिळांनाही नकोसं झालं, आणि याचं कारण आपण स्वतःकडे पाहूनच शोधलं पाहिजे. २१ ऑक्टोबर १९८७ ला, दिवाळीच्या दिवशी, जाफनाच्या रुग्णालयात आपल्या सैनिकांच्या गोळीबारात डॉक्टर, नर्स, रुग्ण असे साठ-सत्तर लोक गेले. ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टीतुरईत आपल्या तुकडीवर हल्ला झाल्यानंतर साठहून अधिक गावकरी मारले गेले. मी गणवेश घातला होता, आणि तो घातल्याचा मला अभिमान आहे, म्हणूनच हे सांगायला हवं असं मला वाटतं. आपल्या जवानाला शत्रू कोण आणि दुकानदार कोण हे ओळखता येत नव्हतं, हे खरं. मेलेल्या नर्सच्या घरच्यांना त्या कारणाचा काय उपयोग? तुमचे मामा कदाचित याच्यामुळे गप्प असतील, कदाचित नसतील. मला माहीत असलेले निम्मे लोक याच्यामुळे गप्प आहेत.

मग माघार. जानेवारी १९८९ मध्ये रणसिंघे प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले. भारतीय सैन्य घालवतो, असं सांगूनच ते निवडून आले होते. १ जूनला त्यांनी जाहीर सभेत सांगून टाकलं की २९ जुलैपर्यंत शांतिसेना गेली पाहिजे. आपल्याशी आधी चर्चा नाही. दुसरीकडे त्यांची एलटीटीईशी बोलणी चालू होती, आणि शांतिसेनेशी लढायला त्यांच्याच सरकारने एलटीटीईला शस्त्रं पुरवली. ज्या सरकारच्या विनंतीवरून आपण गेलो, त्याच सरकारच्या बंदुका आपल्यावर रोखलेल्या. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी दिल्लीची गत झाली. साडेतीन महिने ताणाताणी झाली, १८ सप्टेंबरला करार झाला, २० सप्टेंबरपासून आपण चढाईच्या मोहिमा थांबवल्या. डिसेंबरात दिल्लीत सरकार बदललं, विश्वनाथ प्रताप सिंग आले आणि मार्चअखेरची मुदत पक्की झाली.

तारीख जाहीर झाली की काय होतं, हे बाहेरच्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. सैन्य तेवढंच असतं, बंदुका तेवढ्याच असतात, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातला माणूस तुमच्याशी बोलताना इकडेतिकडे बघायला लागतो. काल जो खबर देत होता तो आज दिसत नाही. कारण तुम्ही जाणार आहात आणि त्याला तिथेच राहायचंय. आमच्या छावणीला भाजी देणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला विचारलं होतं, "तुम्ही गेल्यावर मी कुणाला भाजी विकली असं सांगू?" मी त्याला उत्तर दिलं नाही. त्यानंतर तो आला नाही.

कामाच्या दृष्टीने माघार चढाईपेक्षा अवघड. चढाईला जाताना जे उतरल्या उतरल्या लागणार ते जहाजात सर्वांत शेवटी भरायचं, एवढा नियम पाळला की निम्मं काम होतं. माघारीत आधी हे ठरवावं लागतं की शेवटच्या माणसाला शेवटच्या तासापर्यंत काय लागेल. पाणी, वायरलेस, डॉक्टर, दारूगोळा, आणि गाडी सुरू होण्याइतकं डिझेल. बाकी सगळं आधी हलवायचं. रस्ता रोज सकाळी सुरुंग तपासत उघडायचा, आणि शेवटची गाडी पार होईपर्यंत दोन्ही बाजूंनी धरून ठेवायचा. मग तो धरून ठेवणाऱ्यांना कोणी काढायचं? त्यांच्यासाठी पुढच्या टप्प्यावर दुसरी तुकडी. असं एकेका चौकीने मागे यायचं. आपण पूर्वेकडच्या अंपारापासून सुरुवात केली, मग बट्टिकलोआ, मग वन्नी आणि जाफना, सर्वांत शेवटी त्रिंकोमाली, कारण मोठं आणि सुरक्षित बंदर ते. प्रत्येक जनरेटर, प्रत्येक तंबू, प्रत्येक काडतुसाची पेटी मोजून आणली. सैन्य म्हणून ही माघार अत्यंत शिस्तीत झाली, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन.

एलटीटीईने परतणाऱ्या आपल्या काफिल्यांना फारसं छेडलं नाही. आपण जावं हेच त्यांना हवं होतं. त्यांनी हात घातला तो आपल्यामागे राहणाऱ्यांवर.

१९८८ च्या नोव्हेंबरात प्रांतिक परिषदेची निवडणूक झाली होती आणि एलटीटीईच्या विरोधातल्या ईपीआरएलएफ या तमिळ संघटनेचे वरदराज पेरुमाल मुख्यमंत्री झाले होते. ते टिकले ते आपल्या बंदुकीच्या जोरावर. आपण जाणार हे कळल्यावर त्यांच्या सरकारसाठी एक तमिळ फौज घाईघाईने उभी केली गेली, तमिळ नॅशनल आर्मी. तिच्यात स्वेच्छेने आलेले होते, पण रस्त्यावरून, बसमधून, शाळेच्या वाटेवरून उचलून आणलेली पोरंही पुष्कळ होती. काही आठवड्यांचं शिक्षण आणि हातात रायफल. त्यांच्या छावणीत आमच्या गाडीने शिधा गेला तेव्हा मी ती पाहिली आहेत. सोळा-सतरा वर्षांची असतील, गणवेश खांद्यावरून ओघळणारे. आपण एकेक जिल्हा सोडत गेलो तसतसे एलटीटीईवाले त्यांच्या छावण्यांवर तुटून पडले. शरण आलेल्यांनाही ठार केलं.

माझ्या मते या सगळ्या मोहिमेतली सर्वांत मोठी चूक हीच. सैन्य परत आणण्याचा निर्णय योग्य होता, यजमान सरकार 'जा' म्हणतंय तर राहायचा हक्कच उरत नाही. पण आपल्यावर विसंबलेल्या माणसांचं काय, याचा विचार जहाजांचं वेळापत्रक ठरवण्याआधी व्हायला हवा होता. आपण त्या पोरांच्या हातात बंदूक दिली आणि त्यांना वाऱ्यावर सोडलं. सोव्हिएत सैन्य १५ फेब्रुवारी १९८९ ला अफगाणिस्तानातून गेलं, पण मॉस्कोचा पैसा आणि शस्त्रं येत राहिली, म्हणून नजीबुल्लांचं सरकार १९९२ पर्यंत टिकलं. पेरुमाल यांचं सरकार आपलं शेवटचं जहाज सुटेपर्यंतही टिकलं नाही. १ मार्चला त्यांनी ईलमच्या, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्राच्या, स्वातंत्र्याची घोषणा केली आणि त्याच महिन्यात त्यांना भारतात आणावं लागलं. त्यांच्या पक्षाच्या काही लोकांना आणि कुटुंबांना तर थेट ओरिसातल्या मलकानगिरीला ठेवावं लागलं.

२४ मार्च १९९० ला शेवटचं जहाज त्रिंकोमालीहून सुटलं. मद्रासला उतरलो तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत. आपल्याच तमिळ बांधवांना मारून आलेल्या सैन्याचं स्वागत मी करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. राजकारणी म्हणून त्यांचं काय गणित होतं ते समजतं. पण त्या जवानाने हे युद्ध मागितलं नव्हतं. पायात सुरुंगाचे तुकडे घेऊन उतरलेल्या माणसाने कुणाला उत्तर द्यायचं होतं? बाराशेच्या आसपास माणसं आपण तिथे गमावली, तीन हजारांच्या वर जखमी. आणि देशाने तो विषय बंद केला.

पुढचं भराभर सांगतो. जून १९९० मध्ये एलटीटीईने प्रेमदासांशी केलेली दोस्ती मोडली, पूर्वेत शरण आलेल्या सहाशेहून अधिक पोलिसांना मारलं आणि युद्ध पुन्हा पेटलं. त्याच महिन्यात मद्रासमध्ये ईपीआरएलएफचे पद्मनाभा आणि त्यांचे साथीदार मारले गेले. ऑक्टोबरात एलटीटीईने उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना घरंदारं सोडून जायला लावलं. लाखाहून अधिक निर्वासित पुन्हा रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागले. जानेवारी १९९१ मध्ये करुणानिधींचं सरकार बरखास्त झालं. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला एलटीटीईच्या मानवी बॉम्बने राजीव गांधींची हत्या झाली. पुन्हा पंतप्रधान झाले तर ते सैन्य परत पाठवतील, ही भीती त्यामागे होती. १ मे १९९३ ला प्रेमदासाही तशाच मानवी बॉम्बने गेले. राजीव गांधींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या जैन आयोगाच्या अहवालावरून १९९७ मध्ये गुजराल यांचं सरकार पडलं.

एप्रिल २००० मध्ये जाफन्याच्या वाटेवरचा एलिफंट पासचा तळ एलटीटीईच्या हाती पडला आणि श्रीलंकेचं मोठं सैन्य जाफन्यात अडकलं. कोलंबोने मदत मागितली, दिल्लीने सैन्य पाठवायला नकार दिला. तेव्हा त्या खोलीत शांतिसेनेचा अनुभव हजर होता, असं मला नेहमी वाटतं. युद्ध संपलं मे २००९ मध्ये, फार भयंकर रीतीने. ज्या कराराची अंमलबजावणी करायला आपण गेलो, त्यातून आलेली, प्रांतिक परिषदा देणारी तेरावी घटनादुरुस्ती अजून श्रीलंकेच्या घटनेत आहे. उत्तर आणि पूर्व प्रांत मात्र २००६ च्या न्यायालयीन निकालानंतर पुन्हा वेगळे झाले, आणि उत्तरेच्या प्रांतिक परिषदेची मुदत २०१८ मध्ये संपली ती संपलीच.

आपल्या मृतांचं स्मारक आधी उभं राहिलं ते कोलंबोजवळ, श्रीलंकेच्या संसदेपासून जवळच. काळ्या दगडावर नावं कोरलेली आहेत. मी काही वर्षांपूर्वी तिथे गेलो होतो. ज्या देशाने आम्हाला जा म्हटलं, त्याच देशाने ते बांधलं, याने मला आतून फार हलवलं. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर ती नावं आली २०१९ मध्ये.

तुमच्या मामांना "हरलात का" असं विचारू नका. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे मागणं अन्यायाचं आहे, ते दिल्लीने आणि कोलंबोने द्यायचं होतं. त्यांना विचारा, "तुमची चौकी कुठे होती?" जागेचं नाव ते सांगतील, ते कोणीच विसरत नाही. मग विचारा की पाणी कुठून आणायचे, शेजारच्या घरात कोण राहत होतं. ते अंगणात गेले, तर तुम्हीही मागोमाग जा आणि नुसते बसा. आणि त्यांना कधी कोलंबोला नेता आलं, तर त्या काळ्या दगडाजवळ त्यांना त्यांच्या पलटणीची नावं शोधू द्या. मला माझ्या ड्रायव्हरचं नाव शोधायला अर्धा तास लागला होता.